एकशे वीसचे पाय

छावणीच्या बँडमध्ये सगळ्यात मोठं वाद्य ज्याच्या गळ्यात पडतं, त्याला माणसं नावाने हाक मारायची बंद होतात. ट्युबा वाजवायला नवा माणूस आला की आधी त्याचा 'भोंगा' होतो. पुढे कानाजवळचे केस पांढरे झाले, पोटामुळे पट्टा एक भोक पुढे सरकला, की त्याच भोंग्याचा भोंगेराव होतो. आमचे भोंगेराव या पदाला पोचून बरीच वर्षं झाली होती. नोकरीची बावीस, वयाची त्रेचाळीस. खरं नाव त्यांच्या बायकोला आठवत असावं, पण तीसुद्धा 'अहो'वरच भागवायची.

ट्युबा म्हणजे पितळेचा गुंडाळलेला जाडजूड नळ आणि त्यावर घंगाळाएवढं तोंड. लहान मूल उचलून घ्यावं तसा तो पोटाशी धरावा लागतो. छातीतली सगळी हवा त्यात ओतावी तेव्हा आतून निघतं काय, तर 'पों'. मग एक ठोका गप्प, मग पुन्हा 'पों'. पुढच्या रांगेत क्लॅरिनेटवाले बारीक नक्षीकाम करतात, ट्रम्पेटवाले छाती काढून टाळ्या घेतात, आणि भोंगेराव मागच्या रांगेत मधोमध, मोठ्या ढोलाच्या शेजारी उभे राहून डाव्या पावलावर पों करतात. एखाद्या धुनेत तर बत्तीस मात्रा नुसतं थांबायचं असतं. थांबायचं म्हणजे मोजायचं, कारण तेहतिसाव्या मात्रेला पों आलाच पाहिजे.

मोजता मोजता भोंगेरावांचं मन हळूच कुठेतरी निघून जायचं. ट्युबाच्या फुगीर अंगावर सगळं मैदान वाकून उमटायचं. झाडं आडवी व्हायची, बराकींची छपरं वितळल्यासारखी खाली यायची, ढग त्यांच्या बोटांवरून चालत जायचे. त्यात ते इतके बुडून जायचे की शेजारच्याला वाटावं, हा माणूस आता जागा होत नाही. पण तेहतिसाव्या मात्रेला पों हजर. बावीस वर्षांत एकदाही आधी नाही की उशिरा नाही. बँडमास्तरांना याचं कोडं होतं. कोडं कसलं आलंय त्यात? मोजायचं काम भोंगेरावांनी केव्हाच पायांना देऊन टाकलं होतं. मार्चची चाल मिनिटाला एकशे वीस पावलांची. ती त्यांच्या पायांत अशी मुरली होती की झोपेतून उठवून चालायला लावलं तरी एकशे वीसच पडावीत.

आता असल्या माणसाला कुणी पळायला सांगावं का? पण सांगितलं.

लढाई झाली तर बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवून स्ट्रेचर उचलायची असतात, असा जुना नियम आहे. म्हणून त्यांनाही दर वर्षी धावण्याची चाचणी असते. मैदानाच्या सहा फेऱ्या, चाळिशी ओलांडलेल्यांना तेरा मिनिटं. आजवर बँडवाल्यांची चाचणी म्हणजे एक गंमत होती. कुणी निम्मं पळायचं, कुणी निम्मं चालायचं, आणि शेवटी सगळ्यांच्या नावापुढे बरोबरची खूण पडायची. मग नवे साहेब आले. वयाने तरुण, गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता, पण स्ट्रेचरवरच्या माणसाला वाहून नेणारा धापा टाकत बसला तर तो माणूस मरेल, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

भोंगेरावांना पंधरा मिनिटं वीस सेकंद लागली. तीन महिने देऊन पुन्हा संधी दिली, तेव्हा पंधरा मिनिटं अठरा. तीन महिने घाम गाळून कमाई दोन सेकंदांची. साहेबांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं आणि हळू आवाजात नियम वाचून दाखवला. आणखी तीन महिन्यांनी तिसरी आणि शेवटची चाचणी. त्यात नापास झालेला माणूस बँडमध्ये राहत नाही. त्याने वाद्य जमा करायचं आणि कोठारात रुजू व्हायचं.

त्या दिवशी परतताना भोंगेराव कोठाराच्या दारात उभे राहून आले. लांबलचक खोली, भिंतीला लागून लोखंडी मांडण्या, त्यांवर घड्या घातलेल्या कांबळी, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. खिडकी एकच, तीही उंचावर. आतला कारकून कांबळी मोजत होता. त्याने मान वर करून विचारलं, "काय पाहिजे?" भोंगेराव म्हणाले, "काही नाही," आणि घरी आले.

त्यांची बायको एका मोठ्या बेकरीत कामाला होती. पावाला कागद गुंडाळायचा, त्यावर चिकटपट्टी ओढायची, असे दिवसाला हजारभर पाव तिच्या हातांखालून जायचे. तिच्या केसांच्या मुळाशी कायम थोडं पीठ असायचं. भोंगेरावांनी बूट काढता काढता सगळं सांगितलं.

"नोकरी तर राहील ना?" तिने विचारलं.

"नोकरी राहील. भोंगा जाईल."

"आणि कोठारात काम काय असतं?"

"कांबळी मोजायची."

तिने केसांतलं पीठ झटकलं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही शंभरापर्यंत मोजाल आणि खिडकीकडे बघत बसाल. परत एकपासून. मग परत एकपासून. वर्षभरात त्या कोठारात किती कांबळी आहेत ते कुणालाच कळायचं नाही."

भोंगेराव हसायला गेले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही. "अगं, मला दुसरं काही येत नाही गं," ते म्हणाले. "मला फक्त ते पों येतं."

"मग पळायला शिका," ती म्हणाली आणि घड्याळाला पहाटेचा गजर लावून टाकला.

बेकरीची पाळी उजाडायच्या आधी सुरू व्हायची. दुसऱ्या दिवसापासून भोंगेराव बायकोला बेकरीच्या दारापर्यंत सोडायचे आणि तिथून पळायला लागायचे. दुकानांची दारं बंद, रस्त्यावर धुकं, दिव्यांभोवती पिवळी वर्तुळं, आणि मागून भाजणाऱ्या पावाचा गरम वास. त्या वासातून पळत बाहेर पडेपर्यंत एक अख्खी गल्ली संपायची. धुक्यात पुढचा दिवा हळूहळू उगवायचा, मोठा व्हायचा, डोक्यावरून जायचा, आणि मागचा विरघळायचा. भोंगेरावांना वाटायचं, आपण जागेवरच आहोत आणि रस्ताच खालून सरकतोय. असं वाटायला लागलं की त्यांना फार बरं वाटायचं, आणि तिथेच सगळा घोळ व्हायचा. कारण मन रमलं की मोजायचं काम पायांकडे, आणि पाय पडले जुने नोकर. ते आपले निमूट एकशे वीसवर यायचे.

हे त्यांच्या मात्र लक्षात येत नव्हतं. जोर वाढवायचा म्हणून ते ढांग लांब टाकायचे. ओढ्यावरून उडी मारावी तशी एकेक ढांग. गुडघे ठणकायला लागले, पोटऱ्या दगड झाल्या, पाव सोडला, साखर सोडली, नवे हलके बूट आणले. महिन्याने मैदानावर वेळ घेतली तर पंधरा मिनिटं बारा. भोंगेरावांनी हातपाय गाळले. माशी कुठे शिंकतेय तेच कळेना.

ते ओळखलं ढोल्याने. ढोल्या म्हणजे मोठा ढोल वाजवणारा. नाव ढोल्या आणि अंगकाठी अशी की ढोलामागे उभा राहिला की फक्त टोपी दिसावी. अठरा वर्षं तो भोंगेरावांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. त्या सकाळी तो सायकलवरून कामाला निघालेला, धुक्यातून कुणीतरी ढांगा टाकत येताना दिसलं. त्याने सायकल थांबवली, एक पाय टेकला आणि मान तिरकी करून ऐकत राहिला. भोंगेराव जवळ आले तसा तो म्हणाला, "थांब. तू हे काय करतोयस?"

"पळतोय."

"पळतोयस? अरे गड्या, तू परेड करतोयस! फक्त उड्या मारत."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला ठोके कळतात," ढोल्या म्हणाला. "आत्ता मी मोजले. एकशे वीस. तू जीव तोडून पळतोस आणि पाय पडतात किती, तर एकशे वीस. एकशे एकवीसही नाही. ते साहेब पळतात ना सकाळी, त्यांचे मी सहज म्हणून मोजले होते. एकशे सत्तर."

भोंगेराव रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. घरच्याच माणसाने आपल्याला फसवावं आणि त्याचा राग मात्र येऊ नये, तसं त्यांना झालं. बिचाऱ्यांचं चुकलं काय होतं? बावीस वर्षं शिकवलं तेच तर ते करत होते.

दुसऱ्या दिवसापासून ढोल्याने शिकवणी सुरू केली. सायकलच्या दांड्याला बिस्किटांचा रिकामा डबा बांधला, हातात ड्रमच्या दोन काड्या घेतल्या आणि दोन्ही हात सोडून सायकल चालवत तो भोंगेरावांच्या शेजारून जाऊ लागला. डब्यावर टक टक टक टक. पहिल्या आठवड्यात एकशे तीस. "ढांग लहान कर," तो ओरडायचा. "पाय पुढे फेकू नकोस, अंगाखाली पडू दे. जमीन तापलीय असं समज." दोन दिव्यांच्या खांबांएवढं अंतर डब्याच्या ठोक्यावर पळायचं, एक खांब चालायचं. पुन्हा दोन खांब, पुन्हा एक. दर आठवड्याला ढोल्या ठोका थोडा चढवायचा. तोही पठ्ठ्या असा की घड्याळ न बघता एकशे अडतीस म्हणाला तर एकशे अडतीसच. डब्याच्या आवाजाने लोक खिडक्या उघडून पाहायचे. दूधवाला रोज विचारायचा, "आज तरी तो पुढे गेला का सायकलच्या?" एकदा ढोल्या ठोक्यात इतका रंगला की सायकलसकट टपालपेटीवर जाऊन आदळला. कपाळाला टेंगूळ आलं, पण काड्या हातातून सुटल्या नाहीत.

श्वासाचं घोडं मात्र अडलं. ट्युबावाल्याला एक सवय असते. छाती भरून हवा घ्यायची, कोंडून ठेवायची आणि डाव्या पावलावर सोडायची. पळतानाही भोंगेराव तेच करत होते. दीड फेरीत डोळ्यांपुढे काजवे.

"हवा साठवू नकोस," ढोल्या म्हणाला. "इथे सूर लावायचा नाहीये. तीन पावलं आत घे, दोन पावलांत सोड."

"तीन आणि दोन? म्हणजे पाच झाले."

"झाले तर झाले."

"पाचात डावा पाय कुठे येतो?"

"एकदा डावा, एकदा उजवा."

ऐकूनच भोंगेरावांना भोवळ यायची बाकी राहिली. ज्या माणसाने जन्मभर डाव्या पावलावर विश्वास ठेवला, त्याला उजव्यावर श्वास सोडायला सांगायचं म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या हातात पेन देण्यातला प्रकार. पहिले चार दिवस ते स्वतःच्याच पायात पाय अडकून अडखळत होते. एकदा तर रस्त्यावर सपशेल लोटांगण घातलं. घरी स्वयंपाकघरात भांडी विसळताना पुटपुटायचे, "आत आत आत, बाहेर बाहेर." बायको म्हणायची, "कोण आत, कोण बाहेर? नीट सांगा, दार उघडायचं की लावायचं?"

पाचव्या दिवशी काहीतरी झालं. धुकं दाट होतं, सायकलचा डबा थोडा मागे राहिला होता. भोंगेरावांचं मन सवयीने निघून गेलं, पण पाय या वेळी एकशे वीसवर परत आले नाहीत. ते आपले हलके, भराभर पडत राहिले. डावं कुठलं आणि उजवं कुठलं तेच कळेना. श्वास एकदा या पावलावर सुटत होता, एकदा त्या. दिवे उगवत होते, विरघळत होते. कुठल्या तरी घरात नळ सुरू होता, त्याचा आवाज त्यांच्याबरोबर थोडा वेळ पळत आला आणि थांबला. आपलं वजन कुणीतरी रस्त्याकडेला उतरवून ठेवलंय आणि परतताना ते उचलून घ्यायचंय, असं त्यांना वाटलं. सुख म्हणावं तर हेच, असंही वाटून गेलं. नदीच्या पुलापाशी ते थांबले तेव्हा ढोल्या दोन खांब मागे होता आणि सायकल दामटत येत होता. तो धापा टाकत म्हणाला, "एकशे सहासष्ट. डबा न ऐकता. गाढवा, तू स्वतः पळालास."

नवे पाय आले खरे, पण ते कुठे न्यायचे आणि कुठे नाही, हे त्यांना कळत नव्हतं. रात्री पांघरुणाखाली ते भराभर हलायचे आणि बायको कुशीवर वळून म्हणायची, "अहो, पळायचं तर बाहेर जाऊन पळा." एकदा तर भर परेडमध्ये भोंगेराव तंद्रीत गेले आणि पाय सुटले. पुढच्या ट्रॉम्बोनवाल्याच्या पाठीवर ट्युबाचं तोंड आपटलं, त्याची टोपी उडाली, आणि पों पहिल्यांदाच आधी पडला. बँडमास्तरांची छडी हवेत थबकली.

बँडमास्तर म्हणजे खडूस माणूस. मिशी कातरलेली, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या, आणि आयुष्यात कुणाला 'छान' म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. परेड संपल्यावर त्यांनी भोंगेरावांना बोलावलं. "हे काय होतं?"

"सर, चाचणीची तयारी करतोय. पाय बदलतायत."

बँडमास्तरांनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. "चाचणी कधी आहे?"

"येत्या शुक्रवारी, सर. सकाळी सातला."

"हं," बँडमास्तर म्हणाले, आणि वळून गेले. तो 'हं' रागाचा होता की कशाचा, हे भोंगेरावांना रात्रभर कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी मैदानावर दव होतं. चुन्याची पांढरी रेघ ओल्या गवतातून वळत गेली होती. बरोबर आणखी नऊ जण होते, कुणी आचारी, कुणी गाडीचालक, सगळे चाळिशीपुढचे. कुंपणापाशी भोंगेरावांची बायको उभी होती. पाळी अर्धी टाकून आली होती, बाह्यांना पीठ तसंच. ढोल्या कुठे दिसेना, याचं भोंगेरावांना वाईट वाटलं. मग शिट्टी वाजली.

पहिल्या दोन फेऱ्या फार सुरेख गेल्या. पाय हलके पडत होते, श्वास आपला आपण येत-जात होता, दवातून उन्हाची वाफ निघायला लागली होती. दुसरी फेरी संपताना साहेबांनी वेळ पुकारली. चार मिनिटं सोळा. एका फेरीला दोन मिनिटं दहा सेकंद पुरे होती; चार सेकंद हातात होते. भोंगेरावांनी तो हिशेब केला आणि मन मोकळं सोडून दिलं.

तेवढ्यात मैदानाच्या टोकाच्या झाडांमागून बँड बाहेर आला.

पूर्ण गणवेशात, तीन रांगा, पुढे बँडमास्तर. त्यांनी म्हणे आदल्या दिवशी मोठ्या साहेबांकडे जाऊन परवानगी मागितली होती, आणि बँडमधल्या कुणाला काही विचारलं नव्हतं. आपल्या माणसाला धीर द्यायचा, तर बँडमास्तराला दुसरं येतं काय? त्यांनी छडी उचलली आणि छावणीचा मार्च सुरू झाला.

मोठा ढोल पडला. धम्. धम्. एकशे वीस.

भोंगेरावांच्या पायांनी तो ऐकला आणि ते घरी आले. भोंगेरावांना समजतही होतं. ते मनात ओरडत होते, अरे नको, नको! पण बावीस वर्षांच्या पायांना समोर बँड वाजत असताना दुसरं काही करता येत नव्हतं. ढांग लांब झाली, पाऊल जड झालं, डावं डाव्यावर, उजवं उजव्यावर. आचारी पुढे गेला, मग गाडीचालक गेला. श्वास छातीत कोंडायला लागला. तिसरी फेरी संपली तेव्हा साहेबांनी पुकारलं, सहा मिनिटं पंचेचाळीस. हातातले सेकंद गेले होते, वर आणखी पंधरा अंगावर चढले होते. ढोलामागून ढोल्याची टोपी दिसत होती आणि टोपीखालचा चेहरा रडवेला झाला होता. त्याला सगळं कळत होतं. पण बँडमास्तरांची छडी समोर असताना ढोल्याने ठोका बदलायचा नसतो. तो बदलला तर बँड बँड राहत नाही. बाकीचे सगळे मात्र जीव ओतून वाजवत होते. आपल्या भोंग्याचं भलं करतोय या आनंदात ते त्याला बुडवत होते.

चौथ्या फेरीत, बँडच्या समोरून जाताना, भोंगेरावांना एक गोष्ट ऐकू आली. खरं म्हणजे ऐकू आली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते हा मार्च बाहेरून ऐकत होते, आणि त्यात खाली काहीच नव्हतं. क्लॅरिनेट होते, ट्रम्पेट होते, ढोल होता. पण डावं पाऊल पडायचं आणि जिथे पों असायला हवा तिथे नुसतं रिकामं. सगळी धून जमिनीला न टेकता हवेत लोंबकळत होती. बावीस वर्षं त्यांना वाटत आलं होतं की आपण बँडबरोबर असतो. बँड आपल्यावर उभा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कसं सांगणार, ते नसताना बँड कधी वाजलाच नव्हता. त्यांना त्या रिकाम्या जागेची इतकी दया आली, आणि स्वतःची इतकी, की छातीत कोंडलेली सगळी हवा हुंदक्यासारखी एकदम बाहेर पडली.

आणि त्यांनी हात वर केला.

मागच्या रांगेतल्या माणसाने बँडला कधी हात करायचा नसतो. हात करतात ते फक्त बँडमास्तर. भोंगेरावांनी उजवा हात डोक्यावर उचलला आणि हवेत ठोका दाखवायला लागले, भराभर, भराभर, एकशे सत्तर. पळता पळता, मान वळवून, सरळ ढोल्याच्या डोळ्यांत बघत.

ढोल्याने एकदा बँडमास्तरांकडे पाहिलं. एकदा त्या हाताकडे पाहिलं. मग त्याने आपल्या नोकरीवर पाणी सोडावं तशी मुंडी खाली घातली आणि ठोका बदलला.

काय तारांबळ उडाली म्हणता! ढोल पुढे पळाला, छोटे ड्रम त्याच्या मागे धावले, क्लॅरिनेटवाल्यांची बोटं एकमेकांत अडकली, एका ट्रम्पेटमधून बदकासारखा आवाज निघाला. बँडमास्तरांची छडी एकीकडे, बँड दुसरीकडे. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मागे वळून ढोल्याकडे पाहिलं, मग ढोल्या जिकडे बघत होता तिकडे पाहिलं. मैदानाच्या वळणावर एक त्रेचाळीस वर्षांचा जाडसर माणूस एक हात हवेत हलवत पळत होता. त्या हाताचा ठोका आणि त्या माणसाचे पाय बँडमास्तरांनी चार मात्रा नीट पाहिले. मग त्यांनी आपली छडी त्या हाताबरोबर हलवायला सुरुवात केली.

छावणीचा तो भारदस्त मार्च कुणी इतका भरधाव कधी ऐकला नसेल. आचारी पळता पळता हसायला लागला. कुंपणापाशी बायको दोन्ही हातांनी ठोका धरून टाळ्या वाजवत होती आणि बाह्यांमधलं पीठ उडत होतं. भोंगेरावांचे पाय आधी गोंधळले, मग त्यांनी ढोल ऐकला, आणि ढोल जिथे गेला तिथे तेही गेले. त्यांना एवढंच येत होतं. ढांग आखूड झाली, श्वास सुटला, डावं-उजवं पुसलं गेलं. पाचवी फेरी कशी गेली ते त्यांना कळलं नाही. सहावीत डोळ्यांपुढचं मैदान वाकलं, झाडं आडवी झाली, पोटात कळ उठली, आणि त्या सगळ्यातून ते रिकाम्या जागेकडे बघत पळत राहिले. शेवटच्या वळणावर हात खाली पडला. तो वर धरायला बळ उरलं नव्हतं. ढोल मात्र थांबला नाही.

रेघ ओलांडून ते गुडघ्यांवर बसले. बँड एकदम गप्प झाला. साहेब स्टॉपवॉचकडे बघत होते.

"बारा मिनिटं सत्तावन्न," साहेब म्हणाले.

बायकोने कुंपणाच्या तारेवर डोकं टेकलं आणि ती रडायला लागली. भोंगेराव गवतावर बसून राहिले. थोड्या वेळाने समोर दोन चकचकीत बूट येऊन थांबले. त्यांनी मान वर केली आणि धडपडत उभे राहिले.

"बँडला हात कुणी करायला सांगितला होता?" बँडमास्तरांनी विचारलं.

"कुणी नाही, सर. चुकलं."

"चुकलंच. एक फेरी आधी करायला हवा होतास." बँडमास्तरांनी छडी काखेत मारली. ते म्हणाले, "आता चल. सगळे ताटकळलेत."

भोंगेराव त्यांच्यामागून चालत गेले. जवळ गेल्यावर त्यांना दिसलं की मागच्या रांगेत ढोल्या आणि छोटा ड्रम वाजवणारा यांच्या मधोमध एका माणसाची जागा मोकळी सोडलेली आहे. सगळा वेळ ती तशीच मोकळी होती. ते घामाने निथळत, चिखलाच्या बुटांनी, हातात काहीही नसताना त्या जागेत जाऊन उभे राहिले. ढोल्या समोर बघत होता, पण त्याचा खांदा त्यांच्या खांद्याला लागला होता. बँडमास्तरांनी छडी उचलली. मार्च पुन्हा सुरू झाला, या वेळी त्याच्या मूळ संथ चालीत, आणि भोंगेरावांनी तोंडानेच पों म्हणायला सुरुवात केली. पहिले तीन-चार नुसतेच ओठांवर हलले, कारण छातीत हवाच नव्हती. पाचवा मात्र नीट लागला.